गणिताचे पदक आणि भरकटलेला वाद

२०२४ च्या जुलैत इंग्लंडमधल्या बाथ शहरात आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड झाले. भारतीय संघातल्या सहा मुलांनी चार सुवर्ण, एक रौप्य आणि एक सन्माननीय उल्लेख मिळवला. १०८ देशांत भारत चौथा आला आणि तिसऱ्या आलेल्या दक्षिण कोरियाहून आपल्याला केवळ एक गुण कमी पडला. सुवर्णपदक मिळवणाऱ्या चौघांत एक मुलगा पुण्याचा होता, एक मुंबईचा. तेव्हा, आणि पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियात तीन सुवर्णांसह सातवा क्रमांक आल्यावर पुन्हा, आपल्याकडे जी चर्चा झाली तिचे सूर ठरलेले होते. एका गटाला प्रत्येक मुलात ‘छोटा रामानुजन’ दिसला. दुसऱ्या गटाच्या मते ही सगळी सुखवस्तू घरांतली, क्लासने घडवलेली मुले असून या पदकांचा खऱ्या गणिताशी काही संबंध नाही. तिसऱ्या गटाची तक्रार अशी की, ही मुले उद्या अमेरिकेला जाणार, मग त्यांच्यावर सरकारने पैसा का खर्च करावा? अलीकडे चौथा सूरही मिसळला आहे: आता हे प्रश्न यंत्रही सोडवते, तर मुलांनी कशाला डोके शिणवावे?

या चारही गटांचे आपसांत कितीही मतभेद असले तरी सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत, ती म्हणजे त्या मुलाचे पुढे काय होणार. माझ्या मते वाद इथेच भरकटतो. सतरा वर्षांच्या मुलाचे पदक त्याच्या भविष्याबद्दल फारच थोडे सांगते, आणि ते सांगायला लावण्याचा आपल्याला अधिकारही नाही. ते पदक सांगते ते त्या मुलाच्या भूतकाळाबद्दल. अवघड प्रश्नासमोर दिवसचे दिवस बसण्याची मुभा, तसे प्रश्न समोर ठेवणारे कुणीतरी, आणि बरोबरीने झटणारी दोन-चार मुले या तिन्ही गोष्टी त्याला वेळेवर मिळाल्या होत्या. त्या किती मुलांना मिळतात आणि बाकीच्यांना का मिळत नाहीत, हा खरा सार्वजनिक प्रश्न आहे. म्हणून स्पर्धा टिकवावी, तिच्यातल्या क्रमांकांचा उत्सव आवरता घ्यावा, आणि आपली सगळी टीका पहिल्या चाळणीच्याही आधीच्या टप्प्याकडे वळवावी, अशी माझी भूमिका आहे.

क्लासच्या आक्षेपात तथ्य आहे, हे आधीच मान्य करतो. ऑलिम्पियाडमध्ये साडेचार तासांत तीन प्रश्न, असे दोन दिवसांत सहा प्रश्न असतात. प्रत्येकाला सात गुण, एकूण बेचाळीस. हे प्रश्न शाळेच्या पाठ्यपुस्तकातून सुटत नाहीत. त्यांत लागणारी संख्या सिद्धांताची (म्हणजे पूर्णांकांच्या गुणधर्मांची), असमानतांची आणि भूमितीतली तंत्रे शिकवावी लागतात, आणि आपल्या शाळांत ती कुणी शिकवत नाही. मग शिकवणारा जिथे असेल तिथे, म्हणजे मोठ्या शहरात, पालकांच्या खर्चाने मूल पोचते. त्यात भर म्हणून ‘ऑलिम्पियाड’ हे नाव लावून शाळाशाळांत विकल्या जाणाऱ्या खासगी चाचण्यांनी गोंधळ वाढवला आहे. चार पर्यायांतून एक निवडण्याच्या या चाचण्यांचा त्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेशी काडीचाही संबंध नसतो, पण दुसरीतल्या मुलाच्या गळ्यात पदक पडते आणि पालकांचा समज पक्का होतो. या धंद्याबद्दल कितीही कठोर बोलले तरी कमीच. परंतु स्पर्धेभोवती शिकवण्यांचा बाजार उभा राहिला म्हणून स्पर्धाच खोटी ठरते का?

या प्रश्नाला इतिहासात उत्तर आहे, आणि त्याचा एक धागा थेट दापोली तालुक्यात पोचतो. केंब्रिजच्या ‘मॅथेमॅटिकल ट्रायपॉस’ या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणत आणि त्यांची क्रमवारी जाहीर होई. पहिला येणारा ‘सीनियर रँग्लर’ वृत्तपत्रांत झळके. एकोणिसाव्या शतकात या क्रमवारीने खासगी शिकवणीचा केवढा उद्योग पोसला! एडवर्ड राउथ या एकट्या शिकवणाऱ्याच्या हाताखालून पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर बाहेर पडले. कोटाच्या जाहिरातदारांनाही हेवा वाटावा असा हा विक्रम आहे. १८५४ साली खुद्द राउथ पहिला आला होता आणि दुसरा आला होता जेम्स क्लार्क मॅक्सवेल. विद्युत आणि चुंबकत्वाचे नियम एका सूत्रात गुंफणारा मॅक्सवेल, आणि परीक्षेत त्याच्यावर मात करून पुढे इतरांना परीक्षेसाठी तयार करणारा राउथ. यापैकी कुणाचे यश खरे, हा प्रश्नच निरर्थक आहे. पुढे १८९८ सालचा चौथा रँग्लर, गणिती जी. एच. हार्डी याने या पद्धतीवर कडाडून हल्ला चढवला. परीक्षेच्या युक्त्या शिकण्यात इंग्लंडच्या बुद्धिमान मुलांची उमेदीची वर्षे जातात आणि युरोपात घडणारे नवे गणित त्यांना दिसतही नाही, हा त्याचा आक्षेप होता. त्या काळच्या सुधारकांच्या रेट्यामुळे १९०९ नंतर क्रमवारी जाहीर करणे बंद झाले. अवघड प्रश्न राहिले, परीक्षा राहिली, फक्त पहिला-दुसरा-तिसरा गेला. रोग कुठे होता हे केंब्रिजने ओळखले होते, असे मला वाटते.

ऑलिम्पियाडच्या आयोजकांनाही ही गोष्ट बरीचशी उमगलेली आहे. तिथे सर्वसाधारणपणे निम्म्या स्पर्धकांना पदक मिळते आणि सुवर्ण, रौप्य, कांस्य यांचे प्रमाण ढोबळमानाने एकास दोनास तीन राहते. शिवाय ही स्पर्धा वैयक्तिक आहे. देशांची क्रमवारी अधिकृत मानली जात नाही. ती सहा मुलांच्या गुणांची बेरीज करून तयार होते. आपण ज्या ‘चौथ्या क्रमांका’वर मथळे सजवले तो स्पर्धेच्या नियमांत नाहीच.

ट्रायपॉसच्या गोष्टीचा आपल्याकडचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १८९९ साली सीनियर रँग्लरचा मान विभागून मिळवणारे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे तो मान मिळवणारे पहिले भारतीय. दापोली तालुक्यातल्या मुर्डीसारख्या लहानशा गावातला हा मुलगा तिथवर पोचला, त्यामागे नात्यातल्या धोंडो केशव कर्व्यांनी त्याची बुद्धी वेळीच ओळखून त्याला शिक्षणासाठी मुंबईला आणले, हे कारण होते. गणित शिकवणारा माणूस घरातच भेटणे हा केवढा योगायोग! परांजपे केंब्रिजहून परतले, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, पुढे मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री, लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू झाले. महाराष्ट्राने त्यांच्या नावामागे रँग्लर ही पदवी कायमची लावली. पण संशोधक गणिती म्हणून त्यांचे नाव घेतले जात नाही. ‘पदक मिळवले, पुढे काय केले?’ या मोजपट्टीने पाहिले तर परांजपे अपयशी ठरतील. कुणी त्यांना अपयशी म्हणेल का? त्यांच्या नावे ठेवलेले गणिताचे पारितोषिक १९२७ साली फर्ग्युसनमधल्या एका विद्यार्थ्याला मिळाले. ते वेळ लावून सोडवायच्या प्रश्नपत्रिकेसाठी नव्हते, स्वतंत्र गणिती कामासाठी होते. तो विद्यार्थी पुढे देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिक्षक राहिला आणि चार अंकी संख्येचे अंक उलटसुलट मांडून वजाबाकी करत गेल्यावर शेवटी हाती येणाऱ्या ६१७४ या संख्येमुळे जगाला कापरेकर म्हणून माहीत झाला. बुद्धीला फळ कुठल्या फांदीवर येईल हे आधी ठरवता येत नाही, म्हणून पंधराव्या वर्षी तिच्याकडून हमीपत्र लिहून घेऊ नये.

स्पर्धा आणि संशोधन यांत मोठे अंतर आहे, या दुसऱ्या आक्षेपातही वजन आहे. तो घेणाऱ्यांत सगळेच ईर्ष्येने बोलतात असे नाही. ऑलिम्पियाडच्या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते साडेचार तासांत सापडण्याजोगे आहे, हे मुलाला आधीच ठाऊक असते. संशोधनात या दोन्हींपैकी काहीच ठाऊक नसते. तेराव्या वर्षी, १९८८ मध्ये सुवर्णपदक मिळवून सर्वांत लहान सुवर्णविजेता ठरलेल्या टेरेन्स टाओ या गणितीने स्वतःच हा फरक वारंवार सांगितला आहे. उलट गणितातला सर्वोच्च मान समजले जाणारे फील्ड्स पदक २०२२ मध्ये मिळवणारा जून हू शाळेत असताना गणितात आपल्याला गती नाही असे समजून कवी व्हायला निघाला होता आणि गणिताकडे वळला तो विद्यापीठातल्या शेवटच्या वर्षी. स्पर्धेत न चमकलेले मूल गणिती होऊ शकत नाही, असे म्हणणारा माणूस धडधडीत चूक आहे. मात्र एवढ्यावरून स्पर्धा निरुपयोगी हा निष्कर्ष निघत नाही. पेरेलमान, गॉवर्स, मिर्झाखानी, न्गो बाओ चाऊ, शोल्झे ही नावे ऑलिम्पियाडच्या यादीत आहेत आणि फील्ड्स पदकाच्या यादीतही (पेरेलमानने ते नाकारले, हा भाग वेगळा). स्पर्धेने त्यांना घडवले असे मी म्हणणार नाही. पण ज्या वयात वर्गातले गणित त्यांना कंटाळवाणे वाटत असणार, त्या वयात कंटाळा न आणणारे गणित त्यांच्यापर्यंत पोचले, ते या वाटेने.

वाट म्हणजे फक्त परीक्षा, असेही मानू नये. १८९४ साली हंगेरीत ज्योर शहरातल्या दानिएल अरान्य या शाळामास्तराने माध्यमिक शाळेच्या मुलांसाठी गणिताचे मासिक काढले. महिन्याला प्रश्न छापायचे, मुलांनी घरी बसून, हवा तेवढा वेळ घेऊन उत्तरे टपालाने पाठवायची, चांगल्या उत्तरांखाली मुलांची नावे छापायची, आणि पुढे उत्तम सोडवणाऱ्यांचे फोटोही. त्याच वर्षी तिथे शालेय मुलांची राष्ट्रीय स्पर्धाही सुरू झाली. पुढे जगभर नावाजलेले फेयेर आणि फॉन कारमान हे त्या स्पर्धेचे सुरुवातीचे विजेते. थोर गणिती एर्दोश त्या मासिकातून पुढे आलेला मुलगा. एका लहान, गरीब देशाने विसाव्या शतकाला इतके गणिती दिले याची कारणे अनेक असतील, पण खेड्यातल्या मुलाला टपालाच्या तिकिटात गणित मिळत होते हे त्यांतले एक नक्कीच आहे. आपल्याकडे स्वस्त इंटरनेट असूनही ही सोय आपण मराठी माध्यमातल्या आठवीच्या मुलीसाठी केलेली नाही, याची खंत पदकांच्या बातम्यांत कधी दिसते का?

मुलीचा उल्लेख मुद्दाम केला. २०२४ च्या आपल्या संघात सहाही मुलगे होते आणि त्यात नवे काही नव्हते. ‘मुलींचा कल नसतो’ हे यावरचे सोपे उत्तर. मरियम मिर्झाखानीची गोष्ट हे उत्तर खोडून काढते. सहावीच्या सुमारास तिच्या शिक्षिकेला ती गणितात हुशार वाटली नव्हती आणि त्या वर्षी तिचा गणितातला रस पार आटला होता, हे तिने स्वतः मुलाखतीत सांगितले आहे. पुढे तेहरानच्या मुलींच्या शाळेत असताना तिला आणि तिची मैत्रीण रोया बेहेश्ती हिला ऑलिम्पियाडच्या धर्तीचे प्रश्न मिळाले. तेव्हा दोघी मुख्याध्यापिकेकडे गेल्या आणि मुलांच्या शाळेत चालतात तसे प्रश्न सोडवण्याचे वर्ग आमच्याकडेही सुरू करा, असा त्यांनी आग्रह धरला. इराणच्या संघात तोवर एकही मुलगी गेली नव्हती. मुख्याध्यापिकेने ‘आजवर कुणी गेले नाही’ हे कारण पुढे केले नाही. वर्ग सुरू केले. १९९४ साली दोघी इराणच्या संघात होत्या. मिर्झाखानीने त्या वर्षी ४१ गुणांसह आणि पुढच्या वर्षी पूर्ण ४२ गुणांसह सुवर्ण मिळवले आणि २०१४ मध्ये फील्ड्स पदक मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. या हकिकतीत मिर्झाखानीच्या बुद्धीइतकीच त्या मुख्याध्यापिकेची सही निर्णायक आहे. तो वर्ग सुरू झाला नसता तर तिची बुद्धी तेवढीच राहिली असती, पण आपल्याला कळली नसती. आपल्याकडे अशा न कळलेल्या मुली किती असतील?

आता देश सोडून जाण्याची तक्रार. ती करणाऱ्यांनी २०१६ सालची मुंबईतल्या एका मुलीची बातमी आठवावी. ती शाळा सोडून घरी शिकली, संगणक प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिने तीन वेळा पदक मिळवले, पण बारावीची परीक्षा दिलेली नसल्याने आयआयटीचे दार तिला बंद होते. चेन्नईच्या गणित संस्थेने तिला सामावून घेतले आणि पुढे अमेरिकेतल्या एमआयटीने प्रवेश दिला. तिला कुणी पळवून नेले नाही. आपल्या नियमात तिच्यासाठी रकाना नव्हता. दुसरीकडे टाओच्या लहानपणी, १९८० च्या दशकात, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये काय झाले ते पाहा: गणितासाठी तो आठव्या वर्षाच्या आतच माध्यमिक शाळेच्या वर्गात जाऊन बसे आणि उरलेले बरेचसे विषय खालच्या वर्गांत शिके. एका मुलाला एका विषयात चार इयत्ता पुढे बसवणे आपल्या किती मुख्याध्यापकांना जमेल? रामानुजनचे नाव घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, गणिताखेरीज इतर विषयांत नापास झाल्यामुळे त्याची कुंभकोणम कॉलेजातली शिष्यवृत्ती गेली होती. शंभराहून अधिक वर्षांनी त्याची जयंती राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरी करणारा देश त्याला आज तरी एफ. ए. (कॉलेजातली तेव्हाची पहिली परीक्षा) उत्तीर्ण झाल्याशिवाय पुढे जाऊ देईल का, याची मला शंका आहे. अलीकडे काही आयआयटींनी ऑलिम्पियाडमधल्या मुलांसाठी निराळी वाट काढली आहे. ती योग्य दिशा आहे, पण ती पोचलेल्यांसाठीच आहे.

यंत्राचा मुद्दा मी थोडक्यात संपवतो, कारण तो दिसतो तेवढा मोठा नाही. २०२५ च्या ऑलिम्पियाडमध्ये दोन कंपन्यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने सहापैकी पाच प्रश्न सोडवून ३५ गुण मिळवले, आणि सुवर्णाची रेषाही ३५ वरच होती. विलक्षण गोष्ट आहे, मान्य. पण १९९७ मध्ये यंत्राने कास्पारोव्हला हरवले म्हणून बुद्धिबळ मेले का? ज्या जुलैत यंत्राच्या गुणांची बातमी आली त्याच महिन्यात नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. प्रश्न सोडवताना मुलाच्या डोक्यात जी घडण होते तिच्यासाठी प्रश्न सोडवायचा असतो. उत्तर तर परीक्षकांकडे पहिल्या दिवसापासूनच असते.

राहिला सरकारी पैशाचा प्रश्न, आणि इथे मी टीकाकारांच्या बाजूने थोडा सरकतो. निवड झालेल्या मुलांचे शिबिर सरकारी पाठबळावर चालते. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने या कामात अनेक वर्षे घातली आहेत. ते काम उत्तम आहे, पण ते पिरॅमिडच्या टोकाशी आहे. पायथ्याशी काय आहे? आठवी ते बारावीच्या मुलांसाठीची पहिली चाळणी तीस प्रश्नांची असते. उत्तर फक्त एक पूर्णांक म्हणून भरायचे, पायऱ्यांना, म्हणजे विचाराला, गुण नाहीत. संख्या मोठी असल्याने तपासणीच्या सोयीसाठी ते अपरिहार्य असेलही, परंतु ज्या मुलाला असे प्रश्न कधी दिसलेच नाहीत ते इथेच गळते. गंमत अशी की, खुद्द आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मुलाला प्रश्न त्याच्या भाषेत मिळतो आणि उत्तरही त्याच भाषेत लिहिता येते. तिथे भाषेला अडसर होऊ न देण्याची काळजी घेतात. मराठीतून विचार करणाऱ्या मुलाला मात्र आधी आपल्याच देशातले टप्पे पार करावे लागतात. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेचा राज्य पातळीवरचा टप्पा मराठीतून देता येत असे आणि शेवटच्या काही वर्षांत तिच्यातून दरवर्षी सुमारे दोन हजार मुलांना शिष्यवृत्ती मिळे. १९६३ पासून चालत आलेली ती परीक्षा २०२१ नंतर थांबवण्यात आली. पदकांच्या मथळ्यांच्या तुलनेत त्या बातमीला आपण किती जागा दिली?

तालुक्याच्या ठिकाणी आठवड्याला दोन तास अवघड प्रश्नांचा वर्ग चालवायला वीस मुले, एक फळा आणि गणितात रमलेला एक शिक्षक लागतो. मुले आहेत, फळा आहे, आणि मला भेटलेल्या शिक्षकांवरून सांगतो, असे शिक्षकही आहेत. त्यांच्याकडे नाहीत ते हे दोन तास. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्याच अशैक्षणिक कामांची परवानगी दिली आहे, तरी प्रत्यक्षात माहिती भरण्यात, सर्वेक्षणांत आणि अहवालांत शिक्षकाचा दिवस संपतो. पुढच्या जुलैत पदके येतील किंवा येणार नाहीत. राज्याच्या शिक्षण विभागाला विचारायचा प्रश्न दोन्ही वेळा एकच राहील: प्रत्येक तालुक्यात एका गणित शिक्षकाचे आठवड्यातले दोन तास या कामासाठी अधिकृतपणे राखून ठेवणारा शासन निर्णय कधी निघणार?